'कांबालाचे' या टँगो गीताचा अर्थ आणि काळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टँगो (अर्जेंटिनातला नृत्य-संगीतप्रकार) ऐकणारे, स्पॅनिश शिकणारे आणि हे गाणं मराठीत आणू पाहणारे वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. 'कांबालाचे' या शब्दाचा अर्थ काय?

जुन्या वस्तू विकत घेणारं आणि विकणारं दुकान. शब्दाच्या मुळाशी 'काम्बियार', म्हणजे अदलाबदल करणे, हे क्रियापद आहे. ब्यूनोस आयरेसमध्ये हे दुकान म्हणजे भंगारवाला, जुना बाजार आणि गहाणवटीची पेढी यांची सरमिसळ असे. गिऱ्हाईक नड असेल तेव्हा घरातली वस्तू आणून द्यायचं आणि दुकानदार मिळेल ती वस्तू मिळेल त्या जागी काचेमागे मांडायचा. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोरबाजार पाहिलेल्याला हे चित्र लगेच कळेल. शीर्षकासाठी आम्हाला 'जुना बाजार' हा पर्याय सर्वांत जवळचा वाटतो. 'भंगार' म्हटलं की वस्तूंना किंमतच उरलेली नाही असा अर्थ होतो, आणि गाण्याचं म्हणणं तसं नाही (प्रश्न 3 पाहा).

2. हे गाणं कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिलं?

शब्द आणि चाल दोन्ही एन्रिके सान्तोस दिसेपोलो यांची. टँगोत बहुधा कवी एक आणि संगीतकार दुसरा असतो, त्यामुळे दोन्ही एकहाती असणं हे वेगळेपण. दिसेपोलो यांचा जन्म 27 मार्च 1901 रोजी ब्यूनोस आयरेसमध्ये झाला. वडील नेपल्सहून आलेले संगीतकार होते. आईवडील लवकर गेल्यावर थोरले भाऊ आर्मान्दो यांनी त्यांना वाढवलं. आर्मान्दो हे नाटककार होते. स्थलांतरितांच्या चाळवजा वस्त्यांमधलं हसू आणि फरफट एकाच प्रसंगात दाखवणारा नाट्यप्रकार त्यांनी अर्जेंटिनात रुजवला. धाकट्याच्या गाण्यांतही रंगभूमीची सवय दिसते. कोणीतरी समोर उभं राहून आपल्याशी भांडतंय, असं ती ऐकताना वाटतं.

'कांबालाचे' 1934 चं. ते मारिओ सोफिची यांच्या 'एल आल्मा देल बान्दोनेओन' (बान्दोनेओनचा आत्मा) या चित्रपटासाठी लिहिलं गेलं. चित्रपट 1935 मध्ये प्रदर्शित झाला आणि त्यात ते एर्नेस्तो फामा यांनी गायलं. पण लोकांनी ते आधीच ऐकलं होतं, कारण सोफिया बोसान या अभिनेत्री-गायिकेने मायपो नाट्यगृहात ते रंगमंचावरून गाऊन टाकलं होतं. (बान्दोनेओन हे भात्याचं, सुटी पत्ती कंप पावून वाजणारं वाद्य. आपल्या पेटीच्या जातकुळीतलं.)

3. 'जग वाईट आहे' एवढंच हे गाणं सांगतं ना?

नाही, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच होतो. जग घाण होतं आणि घाणच राहणार, हे मला ठाऊक आहे, असं म्हणूनच गाणं सुरू होतं. चोर, कारस्थानी आणि फसवले गेलेले सर्व काळांत होते, हेही दुसऱ्या दमात कबूल केलं आहे. म्हणजे वाईटपणाची तक्रार पहिल्या चार ओळींतच बाजूला काढून ठेवली.

खरी तक्रार पुढे येते : फरकच उरला नाही. सरळमार्गी आणि गद्दार सारखे, गाढव आणि मोठा प्राध्यापक सारखे. परीक्षेत कोणी नापास होत नाही आणि सेवाज्येष्ठतेची यादी राहिली नाही. मराठीत याला 'सब घोडे बारा टक्के' म्हणतात. पाप आहे याचा राग नाही. पाप आणि पुण्य एका काचेमागे, एकाच भावाने मांडून ठेवलंय याचा राग आहे. म्हणूनच शीर्षकात दुकान आलं. दुकानात वाईट वस्तू असतात असं कवी म्हणत नाही. तिथे चांगली वस्तूही आहे, पण ती ज्या शेजारात मांडली आहे तो तिचा अपमान आहे. दुकानाच्या काचेला त्यांनी दिलेलं विशेषण 'इर्रेस्पेतुओसा' आहे, म्हणजे आदर न ठेवणारी, बेमुर्वत. सगळं गाणं या एका विशेषणाभोवती फिरतं, आणि दुसऱ्या कडव्याची सुरुवातही 'केवढा हा अनादर!' अशीच होते.

4. 1934 मध्ये अर्जेंटिनात असं काय चाललं होतं?

6 सप्टेंबर 1930 रोजी जनरल होसे फेलिक्स उरिबुरू यांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष इपोलितो इरिगोयेन यांना लष्करी बळावर हटवलं. त्यानंतर आगुस्तिन पेद्रो हुस्तो 1932 ते 1938 राष्ट्राध्यक्ष होते. निवडणुका होत, पण मतपेट्या बदलणं, विरोधी मतदारांना केंद्रावरून हाकलणं हे उघड चाले, आणि सत्ताधारी त्याला 'देशभक्तीपर लबाडी' म्हणत. लबाडीला देशभक्तीचं विशेषण लागलं, इथेच गाण्यातल्या दुकानाची काच दिसते. या काळाला पुढे 'नामुष्कीचं दशक' हे नाव पडलं. ते पत्रकार होसे लुईस तोर्रेस यांनी दिलं.

त्यात जागतिक मंदी. ब्यूनोस आयरेसच्या बंदराजवळ पुएर्तो नुएव्हो भागात बेकारांनी पत्र्या-फळ्यांची वस्ती उभारली होती. तिचं नावच 'बेकारीनगर' या अर्थाचं होतं. 1 मे 1933 रोजी ब्रिटनशी रोका-रन्सिमन करार झाला. अर्जेंटिनाचं गोमांस ब्रिटिश बाजारात टिकावं म्हणून ब्रिटिश मालाला आणि कंपन्यांना मोठ्या सवलती देण्यात आल्या, आणि देश विकला गेल्याची भावना त्यामुळे पसरली.

तरीही यातलं एकही नाव गाण्यात नाही. उरिबुरू, हुस्तो, करार, काहीच नाही. नावं आहेत ती दुसरीच.

5. गाण्यात सात नावं येतात. ती कोणाची?

ज्या ओळीत ही नावं येतात ती 1934 च्या वर्तमानपत्राचं पान वाटावी अशी आहे.

स्टाव्हिस्की : फ्रान्समधला ठकसेन. बायोन शहराच्या नगरपालिकेच्या गहाणपेढीच्या नावाने त्याने बोगस रोखे खपवले. भांडं फुटल्यावर जानेवारी 1934 मध्ये शामोनी इथे तो गोळी लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलिसांनी आत्महत्या म्हटलं, पण फार थोड्यांनी विश्वास ठेवला. पंतप्रधान शोताँ यांना पायउतार व्हावं लागलं आणि 6 फेब्रुवारीला पॅरिसमध्ये रक्तरंजित दंगल झाली. जुन्या वस्तूंच्या दुकानावरच्या गाण्यात पहिला मान गहाणपेढी बुडवणाऱ्याला मिळाला आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दोन बोस्को (आपल्याकडे 'डॉन बॉस्को') : सेलेशियन या ख्रिस्ती धर्मसंघाचे संस्थापक जोव्हान्नी बोस्को. माटुंग्याच्या शाळेमुळे महाराष्ट्राला नाव परिचयाचं. 1 एप्रिल 1934 रोजी, म्हणजे स्टाव्हिस्कीनंतर तीनच महिन्यांनी, त्यांना संतपद जाहीर झालं. ठकसेन आणि संत एकाच वर्षी मथळ्यात होते, म्हणून ओळीत शेजारी आले.

ला मिन्योन : हे व्यक्तीचं नाव धरू नये. फ्रेंचमध्ये 'मिन्योन' म्हणजे गोड, लाडकी. श्रीमंताने ठेवलेली बाई या अर्थाने ते इथे वाचलं जातं. संताच्या लगेच नंतर तिचा क्रम लागतो.

दोन चिचो : रोसारिओ शहरातल्या माफियाचा सिसिलियन म्होरक्या हुआन गालिफ्फी. 1932 मध्ये आबेल आयेर्सा या तरुणाचं अपहरण आणि खून झाल्यावर रोसारिओच्या माफियाची दहशत घरोघरी पोचली होती. 'दोन' हे आदरार्थी संबोधन गुंडाच्या आणि संताच्या आधी सारखंच लागतं, तेही मुद्दाम.

नेपोलियन : याला ओळखीची गरज नाही.

कार्नेरा : प्रिमो कार्नेरा, अवाढव्य इटालियन मुष्टियोद्धा. जून 1933 मध्ये हेवीवेट जगज्जेता झाला आणि बरोबर वर्षभरात मॅक्स बेअरकडून पुन्हा पुन्हा जमिनीवर पडत हरला. त्याच्या लढती गुंडांच्या पैशावर ठरवल्या जातात, असा बोलबाला तेव्हाही होता.

सान मार्तिन : होसे दे सान मार्तिन (1778 ते 1850), अर्जेंटिना, चिली आणि पेरू यांचे मुक्तिदाते. शेवटचं नाव राष्ट्रपुरुषाचं. अर्जेंटिनाच्या श्रोत्याला ओळ इथे येऊन टोचते, कारण आधीची सहा नावं कशीही असली तरी हे आपल्या देव्हाऱ्यातलं आहे.

6. बायबल आणि पाणी तापवायचं यंत्र यांचा काय संबंध?

दुसऱ्या कडव्याचा शेवट असा : रिवेट नसलेल्या तलवारीने जखमी झालेलं बायबल 'कालेफोन'ला टेकून रडतंय. कालेफोन म्हणजे न्हाणीघरात पाणी तापवायचं उपकरण, आपल्याकडच्या बंबाचा भाऊबंद.

एक प्रसिद्ध स्पष्टीकरण असं की फुकट वाटल्या जाणाऱ्या बायबलच्या पातळ कागदाचा उपयोग संडासात होई, ते तारेच्या आकड्याला अडकवून बंबाशेजारी टांगलेलं असे आणि 'रिवेट नसलेली तलवार' म्हणजे तोच आकडा. ऐकायला चपखल आहे. पण कवीने नुकतीच दुकानाची काच दाखवली आहे आणि चित्र तिथलंच चालू आहे. काचेमागे मूठ खिळखिळी झालेली तलवार, बायबल आणि जुना बंब एकमेकांना टेकून पडलेत, एवढं धरलं तरी ओळ पूर्ण लागते. आमचा कल या साध्या अर्थाकडे आहे. भाषांतरात आकडा आणला तर दुकान हरवतं.

आज अर्जेंटिनात विजोड गोष्टींच्या सरमिसळीला 'बंबाशेजारचं बायबल' असं सहज म्हटलं जातं. वाक्प्रचार गाण्यातून आला.

7. 506 साली काय घडलं होतं?

काही शोधू नका. खूप मागचं साल आणि खूप पुढचं साल (2000) अशी दोन टोकं हवी होती, आणि संख्या वृत्तात बसणारी हवी होती. काही गायक 506 ऐवजी 510 गातात. अर्थ तोच राहतो.

8. गाण्यात 'चोर्रो' ऐकू येतं. आपल्या 'चोर'शी नातं आहे की योगायोग?

नातं आहे. ब्यूनोस आयरेसच्या बोलीत, म्हणजे लुन्फार्दोत, 'चोर्रो' म्हणजे चोर. तो शब्द स्पेनमधल्या जिप्सींच्या 'कालो' बोलीतल्या 'चोरो'वरून आला. कालोचं मूळ रोमानी भाषेत आहे, रोमानी ही भारतीय-आर्य कुळातली भाषा आणि तिच्यात 'चोर' हाच शब्द आहे. उत्तर भारतातून निघालेले लोक इराण, बायझंटिन प्रदेश असं करत 15 व्या शतकात स्पेनला पोचले, आणि तिथून शब्द जहाजाने ला प्लाता नदीच्या मुखाशी उतरला. स्पॅनिशमध्ये पाण्याची चिळकांडी या अर्थाचा 'चोर्रो'ही आहे. शब्दकोशात तो आधी सापडतो आणि भाषांतर फसतं.

लुन्फार्दोतले इथले आणखी शब्द : 'लाबुरार' (राबणं, इटालियन 'लाव्होरारे'वरून), 'आफानार' (ढापणं), 'हील' (बावळट). लुन्फार्दो ही स्वतंत्र भाषा नव्हे. व्याकरण स्पॅनिशच, फक्त शब्द स्थलांतरितांच्या शहराने गोळा केलेले.

9. 'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही' ही आपली म्हण गाण्यात आहे, असं ऐकलं. खरं का?

स्पॅनिशमधली तशीच म्हण आहे : जो रडत नाही तो पीत नाही. पण तिचा उपयोग वेगळा आहे. मराठीत ही म्हण बहुधा 'मागायला लाजू नको' असा सल्ला म्हणून देतात. दिसेपोलो तिला लगेच जोड देतात : 'आणि जो ढापत नाही तो बावळट'. आजीच्या तोंडची म्हण आणि गुंडाचं तत्त्वज्ञान एका ओळीत, एकाच चालीवर. म्हणींचीही काचेमागे सरमिसळ झाली. म्हणून पहिला अर्धा भाग नुसता उचलून प्रेरणादायी वाक्य म्हणून वापरू नये. शेवटचं 'विचार करू नको, बाजूला बस, तू प्रामाणिक जन्मलास याचं कोणाला काही नाही' हेही उपदेश म्हणून घेऊ नये. ते जखमी माणसाचं बोलणं आहे.

10. मराठीत भाषांतर करताना नेमकं कुठे चुकतं?

सर्वाधिक चूक 'कुरा'पाशी होते. हा शब्द दोनदा येतो. पहिल्यांदा नाम आहे, 'पाद्री'. शेवटच्या ओळींत तो क्रियापद आहे, 'बरं करतो', आणि जोडी 'जो मारतो, जो बरा करतो' अशी आहे. दोन्हीकडे पाद्री लिहिलं की शेवट निरर्थक होतो.

'माकियाव्हेलोस'चं 'चाणक्य' करण्याचा मोह होतो. टाळावा, कारण मराठीत चाणक्य म्हटलं की कौतुक येतं आणि इथे तुच्छता हवी. 'कारस्थानी' पुरे. 'दुब्ले' हा फ्रेंचमधून आलेला शब्द, सोन्याचा पत्रा चढवलेला धातू, म्हणून 'मुलामा'. 'मेरेंगे' म्हणजे अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून करतात तो गोड पदार्थ, पण बोलीत गोंधळ. पुढच्याच ओळीत चिखल आहे, त्यामुळे 'राडा' हा मराठी शब्द दोन्ही अर्थांनी बसतो. असे योग फार येत नाहीत, सोडू नका.

यादीतला 'कोल्चोनेरो' म्हणजे गाद्या भरणारा, आपला पिंजारी. 'रेय दे बास्तोस' हा स्पॅनिश पत्त्यांतला सोट्यांचा राजा. त्याला किलवरचा राजा म्हणू नये, तो जोड वेगळा आहे. 'कारादुरा' म्हणजे निगरगट्ट आणि 'पोलिसोन' म्हणजे जहाजात लपून तिकिटाविना आलेला. बंदराच्या शहरात हा शेवटचा शब्द रोजचा होता. 'ओर्नो' म्हणजे भट्टी, इथे नरक.

रचनेकडेही पाहा. दोन कडवी आणि प्रत्येकानंतर मोठा भाग, पण त्या मोठ्या भागाचे शब्द दुसऱ्या वेळी वेगळे आहेत. ध्रुपदासारखी पुनरावृत्ती केली तर अर्धं गाणं गळतं.

11. स्पॅनिश येतं, पण गाताना उच्चार पुस्तकी वाटतो. काय सुधारावं?

शब्दांची बोलीतली रूपं 'शुद्ध' करू नका. 'इग्वालाओ', 'एस्ताफाओस', 'लाओ', 'माल्दा' असंच लिहिलेलं आहे, मधला किंवा शेवटचा 'द' गाळून. तो परत घातला की मात्रा वाढते आणि ओळ चालीतून सांडते. 'नोस व्हामो' मध्येही शेवटचा 'स' नाही.

'सेन्ताते' मध्ये आघात 'ता'वर द्यावा. ते अर्जेंटिनातल्या 'व्होस' या एकेरी संबोधनाचं रूप आहे, माद्रिदच्या पद्धतीने 'सेन्'वर आघात दिला की ऐकणाऱ्याला खटकतं. 'योरा'मधला पहिला वर्ण तिथे 'झ' आणि 'श' यांच्या मधला होतो. नावांच्या आणि विशेषणांच्या याद्या तालात दामटू नयेत. थोड्या बोलल्यासारख्या, शब्द सुटे ठेवून म्हणाव्यात.

12. वेगवेगळ्या ध्वनिमुद्रणांत शब्द वेगळे का? बंदी होती का?

दोन कारणं. एक, नावं जुनी झाली. स्टाव्हिस्की कोणाला आठवेना, म्हणून काही ध्वनिमुद्रणांत तोस्कानिनीसारखी दुसरी नावं आली. गाता येतं, पण प्रश्न 5 मधली 1934 ची वीण उसवते.

दुसरं, नभोवाणीवरची बंधनं. 4 जून 1943 च्या लष्करी उठावानंतर लुन्फार्दो आणि 'अनैतिक' आशय यांवरचे नियम कडक झाले आणि कित्येक टँगोंचे शब्द, अगदी शीर्षकंही, सोवळी करण्यात आली. खोलीसाठीचा 'बुलीन' हा बोलीतला शब्द असलेलं एक शीर्षक 'माझी छोटी खोली' असं झालं. 'कांबालाचे'सारख्या लुन्फार्दोने भरलेल्या गाण्याला त्याची झळ बसणारच होती. 1949 मध्ये गीतकार-संगीतकारांचं शिष्टमंडळ राष्ट्राध्यक्ष पेरोन यांना भेटलं. त्यात दिसेपोलोही होते. त्यानंतर बंधनं सैलावली.

13. कार्लोस गार्देलचं 'कांबालाचे' कुठे मिळेल? आधी कोणतं ऐकावं?

गार्देल यांनी ते ध्वनिमुद्रित केलं नाही. 1933 च्या अखेरीस त्यांनी ब्यूनोस आयरेस सोडलं आणि 24 जून 1935 रोजी मेदेयीनच्या विमान अपघातात ते गेले. त्यांच्या नावावर फिरणारं ध्वनिमुद्रण दुसऱ्या कोणाचं तरी असतं.

आधी उरुग्वेचे हुलिओ सोसा ऐकावेत. ते प्रत्येक शब्द वाजवून म्हणतात, शब्द समोर धरून ऐकायला याहून सोयीचं काही नाही. मग तिता मेरेयो, त्यांच्या आवाजात रस्त्यावरची बाई भांडते. ब्राझीलचे काएतानो व्हेलोसो यांनी 1969 मध्ये, देशात लष्करी राजवट असताना हे घेतलं. ते शांतपणे म्हटलं तरी किती जड होतं हे तिथे कळतं.

14. यावर टँगो नाचता येतो का?

येतो, पण नृत्याच्या मैफलीत ते क्वचितच लागतं. गायक शब्दांसाठी लय ताणतो, थांबतो, आणि जोडीला पाऊल कुठे टाकावं ते कळत नाही. वर्गात शिकवायला निवडू नये.

15. दिसेपोलो सत्तेविरुद्ध लिहिणारे होते, मग पेरोन यांचा प्रचार कसा केला?

1951 च्या निवडणुकीआधी त्यांनी नभोवाणीवरून 'मोर्दिस्कीतो' नावाच्या काल्पनिक विरोधकाशी वाद घालणारी छोटी भाषणं केली, ती पेरोन यांच्या बाजूने. त्यांच्या दृष्टीने नामुष्कीच्या दशकातली भूक (प्रश्न 4) या सरकारने कमी केली होती. मित्र तुटले, नाट्यवर्तुळाने पाठ फिरवली, आणि 23 डिसेंबर 1951 रोजी, पन्नाशी ओलांडून काही महिनेच झालेले असताना ते गेले. 'कांबालाचे' या सगळ्याच्या 17 वर्षं आधीचं आहे. त्यात पेरोनवाद किंवा त्याला विरोध शोधणं कालविपर्यास ठरेल.

16. भाषांतर करून कार्यक्रमात गायला परवानगी लागते का?

शब्द आणि चाल यांचा हक्क भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. दिसेपोलो 1951 मध्ये गेले, म्हणजे मुदत 2011 अखेर संपली. अर्जेंटिनात ती 70 वर्षं आहे, तिथे 1 जानेवारी 2022 पासून रचना मुक्त झाली. मात्र त्या देशात मुक्त रचनांच्या वापरावरही सरकारी कला निधीला शुल्क देण्याची पद्धत आहे, तिथे कार्यक्रम करणार असाल तर आयोजकांना आधी विचारा. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. सोसा किंवा व्हेलोसो यांची फीत चित्रफितीमागे लावायची असेल, तर ती कधी प्रकाशित झाली ते पाहून त्या कंपनीकडे चौकशी करावी लागते. स्वतः पेटीवर बसवून गाणार असाल तर हा दुसरा प्रश्न येत नाही.